पुढच्या वर्षीचा फोटो

मुकुंद कुमठेकरांना चिडायला मोठं कारण लागत नसे. बेल दोनदा वाजवली, चहा बशीत सांडला, रिक्षावाल्यानं 'बाबा, सावकाश' म्हणत हात दिला, एवढ्यावर त्यांची दुपार नासायची. वय एकाहत्तर. एका शाळेच्या ऑफिसात तेहेतीस वर्षं कारकुनी केली आणि तिच्या जोडीनं वडिलांचा लाकडी कॅमेरा सांभाळला. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात खालच्या खोलीत एकेकाळी 'कुमठेकर फोटो' होतं. आता तिथं बायकोच्या, प्रेमलाबाईंच्या, गव्हाच्या कोठ्या आहेत आणि कॅमेरा चादरीत गुंडाळून कपाटावर बसलाय. न्हाणीशेजारची अंधारखोली मात्र मुकुंदरावांनी सोडलेली नाही. तिच्यात कुणी केरसुणी टेकवून ठेवली तरी घरात दोन दिवस अबोला असतो.

एप्रिलातल्या एका मंगळवारी, दुपारी दोनला, बेल दोनदा वाजली.

दारात सोनाली होती, विजापूर रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स. मुकुंदरावांच्या मोतीबिंदूच्या वेळी तिनंच महिनाभर घरी येऊन थेंब घातले होते, त्यामुळं तिच्यावर ओरडता येईना. तिच्या मागं एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळभर पिवळाधमक भंडारा, आणि पोटाशी धरलेलं फडक्यातलं काहीतरी चौकोनी.

"सर, ही माझी आज्जी, केराबाई. सांगोल्याकडनं आलीय. सोमवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. बोलता बोलता तुमचं नाव निघालं आणि हिनं धोशाच लावला, आत्ताच्या आत्ता चल म्हणून."

म्हातारीनं खाली बसून फडकं सोडलं. काचेच्या चौकटीत पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो होता. फेटा, जाड मिशा, खांद्यावर घोंगडं, आणि कपाळावर डांबर फासल्यासारखा काळा पट्टा. चौकटीच्या मागं शिक्का होता, 'कुमठेकर फोटो, शुक्रवार पेठ, सोलापूर'.

"हे आमचं मालक. गड्ड्यात तुमीच काडल्याला," केराबाई म्हणाल्या. "माजा ऱ्हायला. तुमी म्हनला हुता, पुढल्या वर्साला या, परत काडून दितो. आले की."

"पुढच्या वर्षी?" मुकुंदराव म्हणाले. "किती वर्षं झाली त्याला?"

"त्रेचाळीस," सोनालीनं हळूच सांगितलं.

"थंडीच्या दिसात आमी मेंढरामागं," केराबाईंनी खुलासा केला. "गड्डा भरतो तवा घरात कोन असतंय? त्या वर्साला तेवडी मालकांची तंगडी मोडली हुती, म्हून घरी ऱ्हायलाव आन गड्डा बगितला."

मुकुंदरावांना सगळं आठवलं. आठवायला नको होतं ते जरा जास्तच आठवलं, पण ते त्यांनी तेवढ्यापुरतं बाजूला सारलं. होम मैदानावर सिद्धेश्वराच्या जत्रेत, ज्याला सोलापुरात लहानथोर गड्डाच म्हणतात, दर जानेवारीला त्यांचा फोटोचा तंबू लागायचा. येडू नावाचा एक तरणा धनगर काठी टेकत बायकोला घेऊन आला होता. जोडीनं बसायला तो लाजला. एवढ्या लोकांत बायकोच्या शेजारी बसायचं म्हणजे काय, असं म्हणून त्यानं दोन वेगळे फोटो काढायला सांगितले आणि घरात शेजारी शेजारी लावू असं ठरलं. दुसऱ्या दिवशी घ्यायला आले तेव्हा येडूचा फोटो तयार होता. केराबाईंचा नव्हता.

"काढू की," मुकुंदराव म्हणाले. "त्यात काय मोठंसं!"

मोठंसं होतं, हे त्यांना दहा मिनिटांत कळलं. सोनालीनं आधीच फोनवर आज्जीचा फोटो काढून, त्यातले रंग घालवून, छापूनसुद्धा आणला होता. तो तिनं येडूच्या चौकटीशेजारी ठेवला. येडूचं कपाळ काळं आणि केराबाईंचं कपाळ पांढरंफटक.

"बगा," केराबाई म्हणाल्या. "तेंचा भंडारा काळा, माजा पांढरा. एका घरातली मानसं वाटत्यात का?"

"मी मग फोनमध्ये तो पट्टा काळा करून दाखवला सर, तर..."

"ते हिनं रंगीवल्यालं. मला काडल्याला पायजे, रंगीवल्याला न्हाय."

आता मुकुंदरावांच्या मनात फोनच्या फोटोबद्दल जो काही राग वर्षानुवर्षं साठला होता, त्याला या बाईनं एका वाक्यात वाट करून दिली. ते एकदम खूश झाले आणि म्हणाले, "बरोबर बोललात! सोमवारच्या आत काढून देतो." प्रेमलाबाई आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. आपला नवरा उत्साहानं शब्द देतो तेव्हा पुढं घराला काय भोगावं लागतं, हे त्यांना पंचेचाळीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं.

येडूचं कपाळ काळं का आलं, याचं कारण साधं होतं. गड्ड्यात मुकुंदराव नेहमीची फिल्म वापरत नसत. छापखान्यात चित्रांचे ठसे करायला एक फिल्म लागायची, ती त्यांना एका ओळखीच्या छापखान्यातून मिळायची. त्या फिल्मला निळा उजेड तेवढा दिसे. पिवळं आणि तांबडं तिच्या लेखी अंधार. त्यामुळं भंडारा काळा यायचा, कुंकू काळं यायचं, आणि गड्ड्यातली अर्धी माणसं कपाळाला काजळ लावून घरी जायची. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. आता मात्र तीच फिल्म हवी होती आणि ती जगातून नाहीशी होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती.

बुधवारी सकाळी मुकुंदराव छत्री घेऊन निघाले. नव्या पेठेत फोटोच्या सामानाचं जे दुकान होतं, तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली. मालकाच्या मुलानं "फिल्म म्हणजे, काका, स्क्रीनवर लावायची ना?" असं विचारून काचेचे चार नमुने काढले. दुसऱ्या दुकानात लग्नाचे अल्बम करतात. तिथल्या माणसानं फार आदरानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "सर, तुम्ही अजून आहात होय?" मुकुंदराव पाणी न पिताच उठले. जुन्या छापखान्यात गेले तर तिथं आता फ्लेक्स छापतात. वाढदिवसाच्या भावी नगरसेवकांच्या ढिगातून वाट काढत मालक बाहेर आला आणि म्हणाला, शेवटचे डबे मी स्वतः भंगारात दिले, तुम्हाला विचारायला हवं होतं नाही का? या प्रश्नाचं उत्तर मुकुंदरावांनी काय दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी त्यांनी मुलीला, वैदेहीला, पुण्याला फोन लावला. तिनं तासाभरात तीन दुकानं पालथी घातली आणि कळवलं की काळीपांढरी फिल्म मिळते, पण ती सगळे रंग बघणारी, आणि त्यांच्या कॅमेऱ्याच्या मापाची तर नाहीच. बाहेरदेशातून मागवली तर दोन महिने.

"दोन महिने? सोमवारी तिच्या डोळ्याला पट्टी बसणार, आणि आठवड्याभरात ती गावाकडं!"

"मग पट्टी काढल्यावर काढा ना बाबा फोटो."

"तू मला शहाणपण शिकवू नकोस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दोन मिनिटांनी परत लावून, जेवलीस का, म्हणून विचारलं.

रस्ता अखेर दाखवला तो सोनालीनं. आज्जीची कुठलीशी तपासणी करायला ती निघाली होती, वाटेत डोकावली. मुकुंदराव पंख्याखाली धुमसत बसलेले बघून तिनं विचारलं की त्या फिल्मला नक्की काय यायला हवं. मुकुंदरावांनी शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. निळं तेवढं दिसायला हवं, आणि तांबड्या दिव्यात हाताळता यायला हवी.

"एक्स-रेची फिल्म तशीच असायची की सर," ती म्हणाली. "आम्ही शिकताना बघितलीय. आता सगळं कॉम्प्युटरवर झालं. पण मोहोळला एका हाडाच्या डॉक्टरांकडं जोतिरामदादा आहेत, ते अजून तांबड्या दिव्यात धुतात."

 हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याचा मुकुंदरावांना इतका राग आला, की ते तिचे आभार मानायचं विसरून गेले.

गुरुवारी एसटीनं मोहोळ. बाजार होता, त्यामुळं गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मांडीवर कुणाची तरी कोंबडी. जोतिराम पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस निघाला. मुकुंदरावांचं म्हणणं त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाला, "पन हाड कुनाचं मोडलंय?"

"कुणाचं नाही. मला फिल्म हवीय. कोरी."

"हाड मोडल्याबिगर फिल्म कशी द्यायची?"

अर्धा तास असा गेला. मग जोतिरामला एकाएकी आठवलं की त्याच्या आजीचा फोटोसुद्धा कुमठेकरांनीच काढला होता, गड्ड्यात, आणि तिचंही कपाळ काळं आलं होतं. तिथून पुढं तो जो बोलू लागला तो थांबेचना. डॉक्टरांना विचारून त्यानं शेवटचा डबा काढला, निम्मा भरलेला. त्याला दमट वास येत होता. "नवा माल फुडच्या आठवड्यात हाय. तवर दोन रुग्न मी सोलापूरला धाडतो," तो म्हणाला. फिल्म धुवायचं औषधही त्यानं दोन बाटल्यांत भरून दिलं, वर बजावलं, "दोन्ही बाजूंनी मसाला हाय, नख लागू दिऊ नका, लगी चरा पडतो." एकाहत्तर वर्षांच्या फोटोग्राफरला नख लावू नका म्हणून सांगितलेलं मुकुंदरावांनी मुकाट्यानं ऐकलं.

त्या संध्याकाळी ते अंधारखोलीत शिरले. तांबडा दिवा लावला, एक फिल्म मापात कापली, एक तुकडा गॅलरीतल्या कुंडीवर खर्ची घालून धुवून बघितला. पिवळा झेंडू कोळशासारखा काळा आला. कित्येक वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. कॅमेऱ्याच्या लाकडी पेटीत दोन तुकडे भरून ती त्यांनी बंद केली. पेटी म्हणजे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक अशा दोन फिल्मा धरणारी चपटी चौकट. दोन्हीकडं झडप असते. पेटी कॅमेऱ्यात घातल्यावर झडप वर ओढायची, मग उजेड आत जातो. बाकीच्या फिल्मा काळ्या पिशवीत घालून डबा कपाटात ठेवला. प्रेमलाबाईंनी विचारलं, काय आणलंत? तर म्हणाले, "तुला काय करायचंय?"

हे उत्तर त्यांना भोवलं.

शनिवारी ते अकराला बँकेत गेले आणि साडेबाराला परत आले. गच्चीवर प्रेमलाबाईंची वाळवणं पडली होती. सालाबादप्रमाणे जुन्या साड्या अंथरून कुरडया, सांडगे, ज्वारीच्या पापड्या. उन्हाचा एक चटका त्या वाया जाऊ देत नसत. डाळी, रजया, लग्नातला शालू, मुलांची जुनी पुस्तकं, सगळ्याला एप्रिलात ऊन दाखवायचं, हा घरचा नेमच. मुकुंदराव घामाचा रुमाल वाळत घालायला वर गेले आणि कुरडयांच्या ओळीपलीकडं त्यांना दिसलं की चौकोनी, जांभळट, चकचकीत काहीतरी नीट रांगेत मांडलंय आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवलाय.

त्यांचा आवाज तीन घरांपलीकडं गेला.

"अहो, ओरडताय कशाला?" प्रेमलाबाई जिन्यातून धापा टाकत वर आल्या. "कपाटात कुबट वास मारत होता. डब्यावर एक्स-रे लिहिलेलं. कुणाचे तरी एक्स-रे म्हटलं बुरशी यायच्या आत जरा ऊन दाखवावं."

"ऊन? फिल्मला ऊन? पंचेचाळीस वर्षं फोटोवाल्याच्या घरात काढलीस तू!"

"तुमच्या फिल्मला मी कधी हात लावलाय? एक्स-रे तर उजेडातच धरून बघतात की! डॉक्टर खिडकीशी नेऊन दाखवतात. मला काय माहीत ह्यांत अजून काही काढायचंय? विचारलं होतं मी, काय आणलंत म्हणून."

त्यांच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यामुळं मुकुंदराव आणखीनच भडकले. तू नेहमी असंच करतेस, कशालाही हात लावतेस, त्या बाईला आता काय सांगू, तुझ्यामुळं घालवलं सगळं. प्रेमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली वाकून एकेक खडा उचलत म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमच्या हातनं मात्र कधी काही बिघडलं नाही. बिघडलंच तर समोरचा हलला असायचा."

 प्रेमलाबाईंनी सहज टोमणा मारला होता, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण मुकुंदरावांनी बाजूला सारलेली गोष्ट नेमकी तीच होती.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी केराबाईंच्या वेळी मुकुंदराव झडप ओढायला विसरले होते. तंबूबाहेर रांग होती, येडूची काठी कॅमेऱ्याच्या पायाला लागत होती, कुणीतरी पोर रडत होतं. भिंगाची टोपी काढली, मोजलं, टोपी लावली, आणि आत एक किरण गेला नाही. फिल्म धुतली तर कोरी. दुसऱ्या दिवशी येडू आणि केराबाई समोर उभे राहिले तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या मुकुंदाला, माझी चूक झाली, एवढं म्हणता आलं नाही. तो म्हणाला, "बाई हलल्या हो. हलल्यावर कसा येणार फोटो? पुढच्या वर्षी या." आणि येडू बायकोकडं वळून मोठ्यानं हसला होता.

शनिवारी रात्री त्यांना जेवण गेलं नाही. फिल्मचा प्रश्न तसा सुटलेला होता, पेटीत भरलेले दोन तुकडे उन्हातून वाचले होते. दोन फोटो निघाले असते, पण आता त्यांना भीती वाटत होती ती केराबाईंसमोर उभं राहायची.

रविवारी सकाळी आठला केराबाई आल्या. नवं लुगडं, ताजा भंडारा, बरोबर येडूची चौकट. मुकुंदरावांनी गॅलरीत सावलीला स्टूल ठेवला होता, कॅमेरा तिवईवर चढवला होता. केराबाईंनी चौकट शेजारच्या खिडकीत नीट उभी केली, स्टुलावर बसल्या, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि त्यानंतर त्या हलल्याच नाहीत. मुकुंदराव काळ्या फडक्यात शिरले, बाहेर आले, काच लख्ख पुसली, तिवई सरकवली. पाचेक मिनिटं गेली असतील. केराबाईंच्या नाकावर माशी बसली, उठली, परत बसली.

"अहो, अजून वेळ आहे. आत्ताच नका ताठ बसू," ते म्हणाले.

"तिला सांगू नका सर, ऐकणार नाही," सोनाली हसत म्हणाली. "मंगळवारपास्नं रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला टेकून न हलता बसायची प्रॅक्टिस चाललीय. मला घड्याळ लावायला लावते."

केराबाई ओठही फारसे न हलवता म्हणाल्या, "मागल्या टायमाला म्या हलले म्हून ग्येला. आता हलायची न्हाय."

मुकुंदरावांनी खाली बघून पेटी कॅमेऱ्यात घातली. त्यांनी झडप ओढली. ओढली आहे ना, हे दोनदा बघितलं. टोपी काढली, एक, दोन, टोपी लावली. झडप बंद केली. पहिला फोटो निघाला. केराबाई अजून तशाच बसलेल्या, डोळे कॅमेऱ्याच्या पोटात रोखलेले.

"झालं," मुकुंदराव म्हणाले.

"हलले का?"

हा प्रश्न त्या बाईनं किती साधेपणानं विचारला! मुकुंदरावांना स्वतःचा संताप आला. ते समोर पायरीवर बसले.

"केराबाई, तुम्ही तेव्हाही हलला नव्हता."

"आँ?"

"त्या वेळी तुम्ही हलला नव्हता. ही झडप आहे ना, ही मी ओढायची विसरलो. फोटो माझ्यामुळं गेला. मला लाज वाटली आणि तुमच्यावर ढकललं."

 प्रेमलाबाई पोह्यांची बशी घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"मंजी म्या हलले न्हवते," केराबाई म्हणाल्या.

"नाही."

"अजाबात?"

"अजिबात नाही."

"आन ह्यो माजा मालक," त्यांनी खिडकीतल्या चौकटीकडं हात केला, "जलमभर, आल्यागेल्याला फोटोशेजारची मोकळी भित दावून सांगायचा. हिला एक घटका गप बसाय येत न्हाय, म्हून भित मोकळी. सोयरं आलं तरी त्येच, मेंढरं इकाया ग्येलो तरी त्येच. समदी हसायची. मलाबी वाटायचं, हलले आसंन. वारं आसंल, न्हायतर प्वार रडलं आसंल." त्या थांबल्या. "तेंच्या म्होरं सांगायला पायजे हुतं वो तुमी. चार वर्सं झाली तेंस्नी जाऊन."

 माफी मागावी तर ती घ्यायला दोघांतलं एकच माणूस शिल्लक होतं. मुकुंदरावांनी हात जोडले.

 केराबाई येडूच्या चौकटीकडं वळल्या. "ऐकलं का?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कान हाय न्हवं? ऐका मग!" आणि त्यांच्या पोटातून हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं, आणि परत हसू आलं. "काडा दुसरा. उटा मास्तर. आता म्या हलनार, बगा. आता कोन काय म्हनतंय!"

मुकुंदराव उठले. पेटी उलटी करून घातली, झडप ओढली, टोपी काढली. केराबाई हसत होत्या, हात झाडत होत्या, मधेच चौकटीकडं मान वळवत होत्या. एक, दोन. टोपी लावेपर्यंत त्या एकदाही स्थिर नव्हत्या.

त्याच दुपारी त्यांनी दोन्ही फिल्मा धुतल्या. फोटोच्या कागदाचं शेवटचं पाकीट जपून ठेवलेलं होतं, त्यावर फोटो छापले. अंधारखोलीतून बाहेर आल्यावर ते प्रेमलाबाईंना म्हणाले, "डब्यावर मी 'उघडू नका' असं लिहायला हवं होतं. विचारलंस तेव्हा सांगायलाही हवं होतं. चूक माझी." प्रेमलाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते बघितलं.

केराबाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. आठ दिवसांनी, सांगोल्याची गाडी पकडायच्या आधी, काळा चष्मा लावून त्या फोटो न्यायला आल्या. मुकुंदरावांनी दोन्ही फोटो समोर ठेवले. केराबाईंनी चष्मा काढला आणि नव्या डोळ्यानं ते निरखून पाहिले. पहिल्यात त्या दगडात कोरल्यासारख्या बसल्या होत्या. एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी, आणि कपाळावर येडूसारखाच काळा पट्टा. खालच्या कोपऱ्यात जोतिरामनं बजावूनही पडलेला एक बारीक चरा. दुसऱ्यात लुगडं आणि स्टूल तेवढं नीट होतं. वरचा चेहरा हसण्यात पुसून गेला होता.

"हा जास्त चांगला आलाय आज्जी," दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून सोनाली म्हणाली.

"ग्वाड हाय," केराबाई म्हणाल्या. पण उचलला त्यांनी पहिला. तो येडूच्या चौकटीशेजारी धरला, दोन्ही काळी कपाळं एका रेषेत आणली. "ह्योच लावायचा. तेंच्या डोळ्याम्होरं. बगू दे म्हनावं रोज, हललीया का ते." मग दुसरा फोटो त्यांनी मुकुंदरावांच्या पुढं सरकवला. "ह्यो तुमाला. तुमी म्हनला हुता न्हवं, बाई हलली म्हून? घ्या."

त्या गेल्यावर मुकुंदराव तो फोटो घेऊन खालच्या खोलीत गेले आणि कोठ्यांच्या वर, जिथं एकेकाळी नमुन्याचे फोटो टांगलेले असत, तिथं भिंतीला लावून बघू लागले. प्रेमलाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"हलल्यात की हो त्या," त्या म्हणाल्या.

"हो," मुकुंदराव म्हणाले. "या वेळी खरंच हलल्या."

प्रेमलाबाई खिळा आणि हातोडी आणायला आत गेल्या.